तारण म्हणजे नक्की काय? (सोनेतारण नव्हे, दुसरं. की तेच?)

उंबरठा

परवा रात्री लेकीने संडे स्कूलची वही पुढे केली. आठवीत आहे. प्रश्न होता, ‘तारण म्हणजे काय ते पाच ओळींत लिहा.’ तिने एकच ओळ लिहिली होती: ‘आई ऑफिसात लोकांचं सोनं ठेवून घेते त्याला तारण म्हणतात.’ मी हसले. खोडायला रबर हातात घेतलं आणि मग वाटलं, खोडू कशाला?

१९ वर्षं मी एका पतसंस्थेत सोनेतारणाच्या खिडकीवर बसते. घर नगरचं, चौथ्या पिढीचे ख्रिस्ती, मिशनच्या शाळेत शिकलेले. तारण हा शब्द आठवडाभर ऑफिसात आणि रविवारी चर्चमध्ये (पापातून सुटका या अर्थाने) कानावर पडतो. पण तो एकच शब्द आहे, हे पोरीने दाखवेपर्यंत ध्यानात आलं नव्हतं.

ज्यांचा कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते. दागिना आला की आमचा सोनार तो कसोटीवर घासतो, वजन करतो, खडे-मणी-लाख वजा जाता निव्वळ सोनं किती ते लिहितो. मग दागिना कापडी पिशवीत, पिशवीला लाखेचं सील, त्यावर कर्जदाराची सही. कर्ज फिटलं की सील त्याच्या डोळ्यांदेखत फोडायचं. नाही फिटलं तर नोटीस, आणि शेवटी लिलाव.

मागच्या वर्षी एक बाई आली. मंगळसूत्र ठेवलेलं, दीड वर्षाचं व्याज थकलेलं. लिलावाची नोटीस मीच टाइप केली होती. ती मुदत मागायला आली होती आणि मुदत संपलेली होती. तिच्या मागे तिचा धाकटा भाऊ उभा होता. रिक्षा चालवतो, असं नंतर कळलं. त्याने खिशातून पैसे काढले आणि खिडकीतून आत सरकवले. दहा-दहा, वीस-वीसच्याही नोटा होत्या त्यात, मोजायला वेळ लागला. पावती तिच्या नावाने फाडली, कारण खातं तिचं. सील फोडलं. तिने एकेक मणी बोटाने सरकवत मोजला आणि मला विचारलं, “आता माझ्याकडं काय निघतं?”

“काही नाही,” म्हटलं.

“म्हंजे व्याजाचं?”

“तेही नाही.”

पायरीपर्यंत गेली, परत आली. “ताई, पुन्हा नोटीस नाही ना यायची?” शेवटी मी तिला बेबाकीचा दाखला शिक्का मारून दिला. तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. दाखला घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला, मंगळसूत्राच्याही आधी.

माझी आजी रविवारी उपासनेहून आली की नातवंडांना विचारायची, “तुझं तारण झालंय का?” ‘जेवलास का’च्या चालीवर. आम्ही ‘हो’ म्हणायचो, कारण ‘नाही’ म्हटलं तर गुडघे टेकायला लागायचे आणि चहा लांबायचा. आता वाटतं, तिला बहुधा तो दाखलाच विचारायचा होता. घडी करून ठेवलायस का, एवढंच.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. मेल्यानंतर स्वर्गात जागा, हा अर्थ सगळ्यांना पाठ आहे. मंगळवारी दुपारी तीन वाजता, खिडकीसमोर रांग असताना, तारण झालेल्या माणसात आणि न झालेल्या माणसात काय फरक दिसतो? कोणत्याही धर्माच्या माणसाने लिहावं. भांडू नये, एवढी विनंती.

दुपारचा_चहा

धागा आवडला. मी देशस्थ, बायको वसईची कॅथलिक. लग्नाला २२ वर्षं झाली. तेवढी वर्षं मिस्सा (त्यांची चर्चमधली उपासना) मी मागच्या बाकावर बसून ऐकल्यात. माझा प्रश्न स्वार्थी आहे: माझं काय होणार?

कोरडवाहू

उंबरठाताई, तारणं म्हणजे पैलतीरी नेणं. आमच्याकडे भवसागर आणि तारू रोज हरिपाठानंतर निघतात, त्यामुळे शब्द परका नाही. फरक असा की मोक्ष म्हटलं की फेरा चुकणं आलं. तुमच्यात फेराच नाही, तर चुकवता काय? आणि आमचे तुकोबा तर मुक्तीच नको म्हणतात, संतांची संगत दे म्हणतात. सुटायचंच नाही अशा माणसाचं तारण कसं करणार?

उंबरठा

कोरडवाहूदादा, रेव्हरंड टिळक (ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक) तुकोबांच्याच पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत. तेव्हा तुमचं आमचं भांडण पुलावर बसून करू. फेरा आमच्यात नाही, पण देणं आहे. आमच्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ असं आहे. ‘ऋण’च आहे शब्द. लहानपणापासून रोज म्हणते, आणि पोट भरते वसुलीवर.

साक्षीदार_७

प्रभूच्या नावाने सलाम. ताईंनी अर्थाचा कीस काढलाय, मी साक्ष देतो. मला तारीख माहीत आहे. १४ ऑगस्ट २०११, रविवार, एका शेडमधली सभा, वर पत्रा, बाहेर पाऊस. त्याआधी मी रोज सकाळी सातला देशीच्या दुकानात असायचो. त्या दिवशी गुडघ्यावर आलो. पिणं सुटलं. सुटलं म्हणजे सुटलंच. बायबलात इफिसकरांस २:८ वाचा: कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे, हे देवाचे दान आहे. माझ्या हातून काही झालं नाही.

दुपारचा_चहा, रागावू नका, पण योहान १४:६ स्पष्ट आहे. माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही. मागच्या बाकावरून पुढे या, एवढंच म्हणेन.

वसईचा_वारा

आता मला यावंच लागणार. आमच्याकडे तारणाला तारीख नसते. बाप्तिस्म्यापासून सुरू होतं आणि शेवटच्या तैलाभ्यंगापर्यंत (आजारी, मरणाच्या दारातल्या माणसाला प्रार्थनेसह लावतात ते तेल) चालू राहतं. मध्ये पापनिवेदन आहे, ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) आहे, पुन्हा पडणं आहे, पुन्हा उठणं आहे. मेल्यावरही संपत नाही: २ नोव्हेंबरला आमच्या गावातल्या दफनभूमीत या संध्याकाळी. कबरी धुतलेल्या, झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, आणि आजोबांच्या कबरीपाशी नातू हाफपँटीत उभा. आपण मेलेल्यांसाठी प्रार्थना करतो म्हणजे त्यांचं अजून काही चाललंय असं मानतो.

चहावाले भावोजी, तुमच्यासाठी दुसरी व्हॅटिकन परिषद (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) आहे. तिच्या १९६४ च्या दस्तऐवजात लिहिलंय की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. ‘मिळू शकतं’, ‘मिळतंच’ नाही. आणि २२ वर्षं मिस्सा ऐकल्यावर ‘मला कळला नाही’ म्हणता येईल का, ते तुम्ही पाहा. 😄

दुपारचा_चहा

बायकोने हे वाचलं. ती म्हणाली, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावू.

तर्कट

नास्तिक आहे, पण सभ्यपणे विचारतो. आयुष्यभर लोकांना लुबाडलं आणि शेवटच्या पाच मिनिटांत ‘प्रभू’ म्हटलं की सगळं माफ? येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेला तो चोर ‘आज माझ्याबरोबर सुखलोकात’ ऐकतो, आणि ज्यांना त्याने लुटलं ते बसले हात चोळत. ताईंच्या भाषेत, लिलाव थांबला खरा, पण ज्याचं सोनं गेलं त्याचं काय?

ग्रीक_कच्चं

पुण्यात सेमिनरीत तीन वर्षं काढली, पाळक झालो नाही, आता दुकान चालवतो. तरी थोडं लिहितो.

तर्कट, तुमचा प्रश्न जुना आहे आणि रास्त आहे. चोराला वेळ मिळाला नाही. ज्याला मिळाला त्याची गोष्ट लूकच्या १९व्या अध्यायात आहे. जक्कय, यरीहोचा मुख्य जकातदार, ठेंगणा, उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी उतरायला जातो. जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धं धन गरिबांना देतो, आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. त्यानंतर येशू म्हणतो, ‘आज ह्या घराला तारण प्राप्त झाले आहे.’ येशू घरी आधी आला आणि चौपटीचा हिशोब नंतर निघाला, हे विसरू नका. पण हिशोब निघाला. लुटलेल्यांना पैसे परत द्यायचं ठरलं.

खंडणीबद्दलही लिहितो. मार्क १०:४५ मध्ये येशू आपला जीव ‘खंडणी’ म्हणून देतो. आज हा शब्द पेपरात वाचला की पोलीस स्टेशन आठवतं, पण मूळ अर्थ गुलाम किंवा कैदी सोडवायची किंमत. मग चर्चच्या सुरुवातीच्या शतकांतच प्रश्न पडला: किंमत घेतली कोणी? काहींनी म्हटलं सैतानाने. ११व्या शतकाच्या शेवटी अँसेल्म नावाचा धर्मपंडित म्हणाला, छे, सैतानाचं देवावर कसलं देणं? मान देवाचा भंगलाय, भरपाई त्यालाच. थोड्या वर्षांनी आबेलार्ड हा दुसरा पंडित वेगळ्या वाटेने गेला: वधस्तंभ पाहून माणसाचं मन पाघळतं, प्रेम जागं होतं. उंबरठाताईंच्या गोष्टीत हा प्रश्न कोणालाच पडला नाही बघा. पैसे पतसंस्थेने घेतले हे सगळ्यांना दिसत होतं. दाखला म्हटलात तेव्हा कलस्सै २:१४ आठवलं. तिथे खरोखर ऋणपत्राची भाषा आहे: आपल्याविरुद्धचा लेख खोडून, खिळून टाकला.

एक खबरदारी: ‘पूर्ण झाले आहे’ हा ग्रीक शब्द त्या काळी पावत्यांवर ‘पूर्ण फेड’ म्हणून लिहीत, असं प्रवचनांत हमखास ऐकू येतं. त्याचा पुरावा फार कच्चा आहे. धाग्यात कोणी टाकायच्या आत सांगून ठेवतो.

साक्षीदार_७

मी टाकणारच होतो.

तर्कट यांच्यासाठी माझ्या साक्षीतला राहिलेला भाग. मला वाटलं होतं, सगळं माफ झालं. देशीच्या दुकानदाराने उधारीची वही काढली. ११,४०० रुपये. मी पास्टरांकडे गेलो. ते म्हणाले, प्रभूने माफ केलं, दुकानदाराने केलेलं नाही. सात महिने लागले फेडायला. दर शनिवारी त्याच दुकानाच्या पायरीवर जाऊन पैसे द्यायचे आणि वास घेत परत यायचं. प्यालेला नसताना त्या पायरीवर उभं राहायला जी ताकद लागली, तेच माझं तारण, असं बायको म्हणते. मी वचनाप्रमाणे म्हणतो. दोघांचं एकमत आहे असं समजा.

तर्कट

हे पटलं. देव वगळूनही पटलं, पण ते तुमचं तुम्ही बघा.

रात्रपाळी

नर्स आहे, मिशनच्या इस्पितळात ट्रेनिंग झालं, २६ वर्षं वॉर्डात. मला एक गोष्ट कधी कळली नाही ती ग्रीक_कच्चं सांगतील का? रक्तस्रावाच्या बाईला येशू म्हणतो, ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे.’ आणि ती पायांवर रडणारी पापी बाई, तिला म्हणतो, ‘तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे.’ वेगळं का?

ग्रीक_कच्चं

वेगळं नाहीच. मार्क ५:३४ आणि लूक ७:५०, दोन्हीकडे मुळात तेच वाक्य, तेच क्रियापद. वाचवणं, बरं करणं, तारणं हे सगळं त्या एका शब्दात मावतं. मराठीत आपण आजारी बाईला ‘बरे’ दिलं आणि पापी बाईला ‘तारले’ दिलं.

रात्रपाळी

मग मला २६ वर्षं कोणी सांगितलं का नाही?

आमच्याकडे पेशंट अत्यवस्थ झाला की नातेवाईक पाळकांना फोन करतात. ते येतात, पडदा ओढतात, प्रार्थना करतात, तारणाबद्दल विचारतात. मी पडद्याबाहेर ट्रे घेऊन उभी. ते गेले की मी आत जाऊन त्याच माणसाला कुशीवर वळवते, पाठीची जखम सलाइनने धुते, कोरडी करते, चादरीच्या सुरकुत्या ओढून काढते, कारण सुरकुतीनेच नवी जखम होते. मला वाटायचं, तारणाचं काम आधी झालं, हे नंतरचं.

फिलिप्पैच्या बंदिशाळेचा नायक कैदेतल्या प्रेषित पौलाला विचारतो, माझं तारण व्हावं म्हणून मी काय करू? ‘प्रभू येशूवर विश्वास ठेव’ हे उत्तर भिंतींवर लावलेलं असतं. दोन ओळी पुढे त्याने त्याच रात्री पौलाच्या आणि त्याच्या सोबत्याच्या अंगावरचे फटक्यांचे वळ धुतले, असं लिहिलंय. ते कोणी भिंतीवर लावत नाही.

बोधीगल्ली

थोडं कडू बोलतो. आमचं घर अर्धं-अर्धं. मामाकडचे ख्रिस्ती, वडिलांकडचे ५६ नंतर बौद्ध. बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिलंय: बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. मला ते जास्त स्वच्छ वाटतं. दुसऱ्याने भरलं आणि मी सुटलो, यात माझ्या पायांना काम काय?

आणि तारण झाल्यावर गावाने काय केलं? मामाच्या आजोबांना ‘दुष्काळी ख्रिस्ती’ (अन्नासाठी धर्म बदललेले) म्हणायचे. पाणवठा तोच राहिला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने धर्म बदलला की अनुसूचित जातीचा दाखला गेला. शिखांना ५६ साली, बौद्धांना ९० साली परत मिळाला, ख्रिस्त्यांना आजतागायत नाही. म्हणजे देवाकडे जात नाही, गावात आहे आणि कचेरीत नाही. तिसरीकडे कुठे बेबाकीचा दाखला मिळत असेल तर सांगा.

उंबरठा

यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि उगाच देणारही नाही. आमच्या चर्चमध्येसुद्धा लग्नं ठरवताना कोणता वाडा, कोणतं गाव हे विचारतातच.

फक्त पणजोबांची एक गोष्ट. मिशनच्या शाळेत त्यांना पहिल्यांदा बाकावर बसवलं तेव्हा ते घसरून खाली जमिनीवर बसले. तीनदा वर बसवलं, तीनदा खाली. चौथ्यांदा मास्तर स्वतः त्यांच्या शेजारी येऊन बसले. ही गोष्ट घरी ‘आपलं तारण कसं झालं’ या नावाने सांगतात. बाप्तिस्म्याचं वर्ष कोणाला आठवत नाही. पायांना काम काय, म्हणालात. बाकावर टिकून बसणं हेही काम असेल.

बोधीगल्ली

हे मार्गदात्याच्या बाजूचं झालं की हो, ताई. ☺

केडगाव_लोकल

उशिरा आलो. पंडिता रमाबाईंचं नाव अजून निघालं नाही याचं आश्चर्य. त्यांनी केडगावच्या संस्थेला ‘मुक्ती’ नाव दिलं ते बायबलातल्या यशयाच्या ६०व्या अध्यायावरून, जिथे शहराच्या कोटांना तारण आणि वेशींना स्तुती म्हटलंय. दुष्काळात आणलेल्या मुली, बालविधवा, कोणी आंधळ्या. तारण म्हणजे त्यांना खरोखर चार भिंती होत्या. आत विहीर, शेत, छापखाना. छपाईचे खिळे जुळवायला मुलीच. हिब्रू-ग्रीकवरून बायबलाचं मराठी भाषांतर बाईंनी तिथेच केलं. १९२२ साली त्या गेल्या, छापून निघालं ते त्यानंतर.

पण माझ्या मनात बसलंय ते दुसरंच. बाप्तिस्मा घेतला १८८३ साली, इंग्लंडात. आणि पुढे साक्षीत त्यांनीच लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, हे आपल्याला आठ वर्षांनी उमजलं. एवढी विदुषी आणि आठ वर्षं! साक्षीदारदादांची १४ ऑगस्ट आणि वसईकरांचं जन्मभर, यांच्या मध्ये कुठेतरी हे बसतं.

वसईचा_वारा

बसतं. आणि तसं पाहिलं तर तारण कृपेने की कृतीने हे भांडण वरच्या पातळीवर बरंच निवळलंय. १९९९ च्या ३१ ऑक्टोबरला आउग्सबुर्गमध्ये ल्युथरन (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) आणि कॅथलिक दोघांनी मिळून सही केली: आपण कृपेने स्वीकारले जातो, आपल्या पुण्याईने नव्हे, आणि ती कृपाच सत्कर्माला उभं करते. मेथडिस्ट (आणखी एक प्रोटेस्टंट पंथ) हेही २००६ साली आले. खाली आमच्या मावश्यांपर्यंत बातमी पोचायला अजून शंभर वर्षं.

कोरडवाहू

आमच्या मावशा अजून द्वैत-अद्वैतावर अडकल्यात. तुमचा वेग चांगला आहे.

उंबरठा

सगळ्यांना धन्यवाद. भांडला नाहीत. साक्षीदारदादांच्या ११,४०० वरून मला माझंच एक आठवलं, ते लिहिते.

मत्तयच्या १८व्या अध्यायात एक चाकर आहे. राजाने त्याचं दहा हजार तालांतांचं कर्ज सोडलं, आणि त्याने बाहेर येऊन शंभर दीनारांसाठी सोबत्याची मानगूट धरली. परवा कॅल्क्युलेटर घेऊन बसले. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एक रोज. म्हणजे सहा कोटी रोज. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. आमच्या कुठल्याही समितीने असं कर्ज मंजूर केलं नसतं. समोर शंभर रोज.

माझ्या चुलत दिराने २०१६ साली चाळीस हजार नेले. मुलाची फी होती. पहिली दोन वर्षं ‘देतो’, मग फोन उचलणं बंद, मग लग्नाकार्यात समोरासमोर आलो की तो जेवायच्या रांगेत मागे जाऊन उभा राहायचा. मी कधी मागितले नाहीत. पण सोडलेही नाहीत. डोक्यात खातं उघडं होतं, व्याजासकट. रोज झोपताना ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस’ म्हणायचं आणि त्या जागी जीभ जरा भरभर चालवायची.

काल मधल्या सुट्टीत त्याला फोन लावला. उचलला नाही.

रात्रपाळी

परत लावा. माझे पेशंट दुसऱ्या रिंगला उचलतात.

उंबरठा

लावला. त्याच्या बायकोने उचलला. आधी गप्प होती, मग एकदम म्हणाली, ते घरी नाहीयेत आणि पगार झालेला नाही. म्हटलं, पैशांसाठी नाही केला गं, ते संपलं. पुन्हा गप्प. मग म्हणाली, “संपलं म्हणजे? केव्हा द्यायचे?”

तिला तीनदा सांगावं लागलं.

मग लोणच्याच्या कैऱ्यांचं बोललो. तिच्याकडे यंदा झाड लागलंय.